बुद्ध विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो

धागाकर्ती: चाओफ्रायाकाठी

बँकॉकला येऊन अकरा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मी था फ्रा चानच्या बाजारात जाऊन एक चूक केली. नदीकाठी, वात महाथात (वात म्हणजे विहार) आणि थम्मसात विद्यापीठाच्या मधल्या गल्ल्यांत हा ताईतांचा बाजार भरतो. मातीचे, धातूचे, राळेचे, लाखेचे, बोटाच्या पेरापासून तळहाताएवढे बुद्ध तिथे टेबलांवर मांडलेले असतात, आणि डोळ्याला भिंग लावलेली माणसं त्यांच्यावर वाकलेली असतात. एक छोटा पाटीसारखा बुद्ध मला आवडला. मोडक्यातोडक्या थाईत विचारलं, "हा केवढ्याला विकता?" दुकानदार बाई हसल्या, पण शब्द दुरुस्त करून दिल्यावरच पुढे बोलल्या. बुद्ध विकत नाहीत, विकत घेतही नाहीत. तो "चाओ" करतात, म्हणजे भाड्याने घेतात. घर भाड्याने घेताना वापरतात तेच क्रियापद.

भाडं एकदाच द्यायचं आणि मूर्ती परत करायला कुणी येत नाही, हा भाग वेगळा.

विहारांतल्या दुकानांत तर किमतीच्या चिठ्ठीवर "किंमत" हा शब्दच नसतो. तिथे लिहिलेलं असतं "बूचा १९९". बूचा म्हणजे आपली पूजा. १९९ बाहतची पूजा. या सगळ्या व्यवहाराला थाई माणसांनीच एक नाव दिलंय आणि ते बहुतेक वेळा नाक मुरडूनच उच्चारलं जातं: फुत्थफानित. अक्षरं आपल्या लिपीत आणली की लगेच कळतं, बुद्धवाणिज्य.

धागा काढायचं कारण एक चित्र आहे. त्याचं नाव "फिक्सु सन्दान का". (थाई शब्द सोलले की आतून पाली-संस्कृत निघतं, हा माझा इथला आवडता छंद. भिक्षु, संतान म्हणजे इथे उपजत स्वभाव, आणि का म्हणजे कावळा.) कावळ्याच्या जातीचे भिक्षू. चित्रकार अनुपोंग चन्थोन. २००७ साली या चित्राला तिथल्या राष्ट्रीय कला प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. चित्रात अंगावर गोंदलेले दोन भिक्षू आहेत, त्यांना कावळ्याच्या चोची आहेत, आणि ते एकाच भिक्षापात्रात तोंड घालून ताईतांसाठी ओढाताण करताहेत. मी छायाचित्रंच पाहिली आहेत, मूळ चित्रासमोर उभी राहिलेली नाही. पण एक गोष्ट छायाचित्रातही कळते. चित्र कॅनव्हासवर नाही, चीवराच्या, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्राच्या, कापडावर काढलंय.

त्यावर भिक्षू रस्त्यावर आले. प्रदर्शन भरवणाऱ्या शिल्पाकोन विद्यापीठाने पदक मागे घ्यावं, चित्र उतरवावं, अशी मागणी झाली. (शिल्पाकोन म्हणजे शिल्पाकर. बघा, पुन्हा तेच.)

आता त्याच वर्षी देशात दुसरं काय चाललं होतं ते सांगते. दक्षिणेत नखोन सी थम्मरात नावाचं गाव आहे, म्हणजे नगर श्रीधर्मराज. तिथल्या महाधातू विहारात १९८७ साली "चतुखाम रामथेप" या रक्षक देवतांचे गोल, बशीसारखे ताईत प्रथम निघाले. त्या कामाशी ज्यांचं नाव जोडलेलं होतं ते वृद्ध पोलीस अधिकारी २००६ मध्ये वारले, २००७ च्या सुरुवातीला मोठा अंत्यविधी झाला, आणि मग देशाला त्या ताईतांचं वेडच लागलं. विहारामागून विहार आपापली आवृत्ती काढू लागले. आवृत्त्यांना नावं असत. एकीचं नाव होतं "विनाकारण श्रीमंत". मी हे रचून सांगत नाहीये. एप्रिल २००७ मध्ये ताईतांची नोंदणी करायला एवढी गर्दी झाली की चेंगराचेंगरीत एक बाई गेली. वर्ष संपता संपता भाव कोसळले आणि घराघरांत बशा उरल्या.

तर एकाच वर्षात एका बाजूला "विनाकारण श्रीमंत" आणि दुसऱ्या बाजूला चोचवाले भिक्षू. जाब विचारला गेला तो चित्रकाराला. माझ्या डोक्यातून हे जात नाही. तुम्ही पाहिलेली अशी कामं, कुठल्याही देशातली, इथे लिहा. आणि मी अन्याय करतेय असं वाटलं तर तेही लिहा.

---

टवाळ_एकनंबर

"विनाकारण श्रीमंत" ही आवृत्ती अजून मिळेल का? कारण शोधून थकलो आहे.

बाकी कावळ्यांना उगाच बदनाम करू नका. आपल्याकडे पिंडाला शिवायचे पैसे कावळा घेत नाही, घाटावर बसलेले घेतात.

---

मृद्गंध

धागा आवडला. पण थोडी अपराधी वाटतेय. नवीन फ्लॅटच्या वास्तुशांतीला भावाने मला पाण्याच्या कारंज्यात बसलेला बुद्ध दिला. खाली निळा दिवा, पाठीमागून पाणी झुळझुळतं. शोकेसच्या शेजारी ठेवलाय. पाहुणे येतात, "किती शांत वाटतं" म्हणतात, मोबाइल चार्जिंगला लावतात त्याच प्लगला. हे चुकीचं आहे का? की मी जास्तच विचार करतेय?

---

चाओफ्रायाकाठी (धागाकर्ती)

मृद्गंध, इथे विमानतळावरून शहरात येताना मोठे फलक लागतात. बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही, बुद्ध गोंदवून घेऊ नका, आदर बाळगा, असं इंग्रजीत. फलक परदेशी पाहुण्यांसाठी. तोच पाहुणा पुढे कुठल्याही बाजारात गेला तर बुद्धाची नुसती डोकी, धडाविना, रांगेने ठेवलेली दिसतात. (मूर्ती देशाबाहेर न्यायला ललित कला खात्याचा परवाना लागतो, हे फलकावर नसतं.) तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

---

पाली_वाचक

चित्रकाराने "कावळा" स्वतःच्या मनाने आणलेला नाही, हे इथे नोंदवायला हवं. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात काकसुत्त आहे. अगदी छोटं, पानभरही नाही. त्यात बुद्ध सांगतात की कावळ्याच्या अंगी दहा दुर्गुण असतात आणि पापभिक्षूच्या अंगीही तेच दहा असतात. यादी अशी: धंसी, पगब्भो, तिन्तिणो, महग्घसो, लुद्दो, अकारुणिको, दुब्बलो, ओरविता, मुट्ठस्सति, नेचयिको.

"पगब्भो" म्हणजे आपला प्रगल्भ, पण इथे वाईट अर्थाने, म्हणजे आगाऊ. "महग्घसो" खादाड. "ओरविता" म्हणजे ओरडणारा, आणि "ओरडणे" ऐकलं की मला उगाच तो जवळचा वाटतो (व्युत्पत्तीचा दावा करत नाही, मारू नका). शेवटचा "नेचयिको" म्हणजे निचय करणारा, साठवणारा. यादी साठवणाऱ्यावर येऊन संपते. चित्रातल्या भिक्षापात्रात भात नाही, ताईत आहेत. भात साठवता येत नाही, दुपारनंतर टाकावा लागतो. ताईत साठतो आणि त्याचा भावही वाढतो. म्हणजे चित्रकाराने सुत्त नीट वाचलंय आणि निदर्शनाला आलेल्यांनी ते बहुधा पाठ करून विसरून टाकलं होतं.

---

वऱ्हाडकन्या

हा धागा दोनदा वाचला, मग लिहायला बसले.

आमचं घर नागपूरचं. आजोबा १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरातला बुद्ध प्लास्टरचा, हातभर, नाकाचा शेंडा उडालेला. आईने तो दसऱ्याच्या गर्दीत, दीक्षाभूमीच्या बाहेरच्या दुकानातून विकत घेतला. भाड्याने नाही. घासाघीस करून. आणि त्यात कुणालाही कधी अपमान वाटला नाही. त्याच रांगेत शेजारी पुस्तकांची दुकानं असतात. माणसं मूर्ती एका पिशवीत आणि पुस्तकं दुसऱ्या पिशवीत घालून रेल्वेने परत जातात. कोणती पिशवी जड असते, एकदा येऊन उचलून बघा.

मुद्दा असा की "श्रद्धेचं बाजारीकरण" म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणाची श्रद्धा आणि कुणाचा बाजार? ज्यांच्यासाठी बुद्ध कायम शोकेसच्या बाजूला होता (मृद्गंधताई, तुमच्यावर नाही हे), त्यांना तो बाजारात दिसला की लाज वाटते. आम्हाला तो बाजारात दिसला तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या हाती आला होता. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली मूर्ती २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बसवली. त्याआधी आमच्या लोकांना बुद्ध कुठे भेटायचा? लेण्यांत, तिकीट काढून, किंवा कुणाच्या तरी दहा अवतारांच्या रांगेत. आणि त्या रांगेतून त्याला बाहेर काढायची प्रतिज्ञा दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत आहे.

तेव्हा थायलंडच्या चित्रकाराला त्याच्या देशात चीड येणं मी समजू शकते. तिथे भिक्षूंच्या हाती सत्ता आहे. पण ती चीड उचलून इथे जशीच्या तशी लावू नका न बाप्पा.

---

जुना_शिलालेख

वऱ्हाडकन्या यांच्या "कुणाचा बाजार" ला माझ्याकडून एक जोड. धर्म आणि पैसा यांची गाठ काल बांधलेली नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्याबरोबर त्याने तीन हजार कार्षापणांची (तेव्हाची नाणी) अक्षयनीवी दिली, म्हणजे मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजावर चालवायचं. पैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक संघात, गुंतवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले हजार दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण.

आता हिशेब करा. दोन हजारांवर वर्षाला २४० कार्षापण. लेखात म्हटलंय की त्यातून वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दमडी इकडची तिकडे नाही. असा ताळेबंद आमच्या सोसायटीला अजून जमलेला नाही.

कार्ल्याचं चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं. कान्हेरीची लेणी व्यापाऱ्यांच्या दानांवर उभी. व्यापारी नसते तर सह्याद्रीत बौद्ध धर्मासाठी एवढे दगड फोडले गेले नसते. मग आजच्या थायलंडकडे बोट का?

---

पाली_वाचक

आणि ताईतही मूळचे "ताईत" नव्हेत. मातीच्या छोट्या मुद्रांवर बुद्धप्रतिमा किंवा "ये धम्मा हेतुप्पभवा" ही गाथा उमटवून त्या स्तूपात ठेवत. कान्हेरीतही अशा मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत. थायलंडात अशाच मुद्रा जुन्या चैत्यांतून बाहेर निघाल्या आणि हळूहळू माणसांच्या गळ्यात गेल्या. स्तूपात पुरायची वस्तू बाहेर काढून गळ्यात घातली, तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

---

चाओफ्रायाकाठी (धागाकर्ती)

वऱ्हाडकन्या, तुमचा प्रतिसाद वाचून मी धाग्याचं शीर्षक बदलायचा विचार केला. मग तसंच ठेवलं, कारण तुमच्या आईने घासाघीस करून "विकत" घेतलं आणि इथले लोक "भाड्याने" घेतात, यातलं जास्त प्रामाणिक कोणतं हे आता मलाच विचारावंसं वाटतंय.

शिलालेखकाका, तुमचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. पण त्यातच माझं उत्तर आहे. उषवदाताचा पैसा बाहेरून विहारात आला, विणकरांकडे फिरला, आणि वीस माणसांच्या अंगावर कापड होऊन संपला. "विनाकारण श्रीमंत" मध्ये पैसा लोकांच्या खिशातून विहाराकडे गेला आणि बदल्यात लोकांना श्रीमंतीचं आश्वासन मिळालं. पैसा दोन्हीकडे आहे, वाहण्याची दिशा उलटी आहे. आणि अनुपोंगने चित्र काढलं ते नेमकं चीवरावर. उषवदाताने ज्यासाठी व्याज लावून दिलं ते कापड. हे त्याच्या मनात असणं शक्य नाही, पण माझ्या मनात आता कायमचं राहणार.

वऱ्हाडकन्या, "तिथे भिक्षूंच्या हाती सत्ता आहे" हे तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, मी पूर्ण धाग्यात लिहायला विसरले. मान्य.

आता दुसरा एक कलाकार सांगते, तो मला जास्त आवडतो कारण तो ओरडत नाही. कामिन लर्तचायप्रसर्त. जन्म १९६४, लोपबुरीचा. चियांग माईजवळ रिर्कृत तिरवनिच या कलाकाराबरोबर त्याने १९९८ मध्ये "द लँड" नावाची जागा उभी केली, भातशेती आणि कलाकारांनी बांधलेल्या झोपड्या. त्याचं "सिटिंग (मनी)" नावाचं काम आहे. बाद झालेल्या, यंत्रात बारीक कातरलेल्या बाहतच्या नोटा. त्यांचा लगदा करून ३६६ लहान बसलेल्या आकृत्या. एका दिवसाला एक, असं व्रत. बसणं म्हणजे ध्यानाला बसणं.

त्यात गंमत अशी की कातरलेली नोट निरुपयोगी असते. कागद आहे, रंग आहे, राजाच्या चेहऱ्याचा तुकडाही असेल, किंमत मात्र गेलेली. किंमत गेलेल्या कागदाला रोज हाताने बसवायचं. बाजारात मातीच्या बुद्धाला किंमत चढते, आणि हा माणूस किंमत उतरलेल्या वस्तूचा बुद्ध करतो. मी त्याबद्दल इतका विचार केला की एकदा एटीएममधून पैसे काढताना नोटेकडे बघत राहिले आणि मागच्या माणसाने खाकरून दाखवलं.

---

टवाळ_एकनंबर

काका, तो उषवदाताचा १२ टक्के वार्षिक दर आता कुठल्या पतपेढीत मिळतो? मुद्दल अक्षय राहील याची हमी असेल तर मीही लेणं कोरून देतो.

---

जुना_शिलालेख

टवाळराव, विणकरांची श्रेणी होती ती. तुमच्या पतपेढीचा अध्यक्ष विणकर नाही.

दिशेचा मुद्दा पटला, अर्धा. उरलेला अर्धा असा की उषवदातालाही बदल्यात काहीतरी हवंच होतं. पुण्य. आणि दगडावर नाव. दोन हजार वर्षं झाली, आपण त्याचं नाव घेतोय. यापेक्षा चांगली जाहिरात "विनाकारण श्रीमंत" वाल्यांनाही जमली नाही.

---

कोलाज

न्यूयॉर्कमधून. मेट संग्रहालयात गोंकर ग्यात्सोचं "डिसेक्टेड बुद्ध" पाहिलंय, तिबेटी कलेच्या प्रदर्शनात, जुन्या थांग्कांच्या (कापडावरच्या तिबेटी धर्मचित्रांच्या) सोबत टांगलेलं. ग्यात्सो १९६१ मध्ये ल्हासात जन्मला, बीजिंगला चिनी शाईचित्रकला शिकला, ल्हासात मित्रांबरोबर "स्वीट टी हाऊस" नावाचा चित्रकारांचा गट काढला, मग धरमशालेत येऊन परंपरेची थांग्का शिकला, मग लंडन.

लांबून बघितलं की शांत, प्रमाणबद्ध, अगदी शास्त्रोक्त बुद्धाची आकृती. जवळ गेलात की ती आकृती चिकटचित्रांची. शेकडो. मुलांच्या वहीवर लावतो तसली. कार्टून, कंपन्यांची चिन्हं, बातम्यांची कात्रणं, सवलतीच्या पाट्या. थांग्कात बुद्धाच्या शरीराचं माप रेषांच्या जाळ्यावर ठरलेलं असतं, कान कुठे, नाभी कुठे. त्याने ते माप एक रेषही मोडलं नाहीये. मोडलंय ते सगळं आत. मी नाक लावून उभा होतो, पहारेकऱ्याने दोनदा मागे व्हायला सांगितलं.

लोक म्हणतात ही उपभोगवादावर टीका. मला तसं वाटलं नाही. ल्हासातल्या लहानपणी त्याला बुद्धाची चित्रं मोकळेपणी बघायला मिळणं अवघडच, सांस्कृतिक क्रांतीची वर्षं ती. त्याला जे रंगीत जग मिळालं ते चिकटचित्रांचंच. मिळालं त्यातून त्याने बुद्ध भरला. वऱ्हाडकन्यांची प्लास्टरची मूर्ती आणि हा, मला जवळचे वाटतात.

उलट ताकाशी मुराकामी या जपानी कलाकाराचा "ओव्हल बुद्ध" मला सोसत नाही. अंड्यासारखं डोकं, आत्मचित्र म्हणे. २०१० मध्ये फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेत सोनेरी चकाकत बसवला होता. लुई व्हितोंच्या पिशव्यांवर नक्षी करणाऱ्या माणसाने बाजारावर भाष्य म्हणून सोन्याचा बुद्ध करायचा, आणि आपण "किती उपरोधिक" म्हणायचं. उपरोधाचीही आवृत्ती निघते.

---

सिडनीत_सध्या

२०१५ च्या जानेवारीत इथे कॅरेजवर्क्समध्ये झांग ह्वान या चिनी कलाकाराचा "सिडनी बुद्ध" होता. रेल्वेचे जुने कारखाने आहेत ते, त्या शेडमध्ये पाच मीटरहून उंच दोन बुद्ध समोरासमोर. एक ॲल्युमिनियमचा, तो खरं तर साचा. दुसरा राखेचा. वीस टन राख, चीनमधल्या देवळांतून गोळा केलेली उदबत्त्यांची राख, साच्यात ठासून भरलेली. मग साचा काढून घेतलेला.

पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा चेहरा बराचसा होता. मुलीला घेऊन दुसऱ्यांदा गेले तेव्हा गाल आणि खांदा ढासळला होता, खाली ढीग. राखेत न जळलेल्या उदबत्तीच्या काड्या दिसत होत्या. वास मात्र कमी, मला वाटलं होतं घमघमेल. मुलगी म्हणाली, "आई, ही सगळ्यांची मागणी आहे ना?" मी म्हटलं मागणी कसली, तर म्हणे, लोक उदबत्ती लावून काही ना काही मागतातच की. नोकरी, बाळ, परीक्षा. त्या सगळ्या मागण्यांची राख एकत्र करून बुद्ध केलाय आणि तो पडतोय. ती तेव्हा नऊ वर्षांची. मी त्यावर काही बोलले नाही, आम्ही बाहेर जाऊन चिप्स खाल्ले.

---

मृद्गंध

सिडनीत_सध्या, अंगावर काटा आला.

कारंज्याचा प्लग वेगळा केलाय. एवढंच सध्या.

---

निनावी_बोका

सगळे धर्म सोडून फक्त बौद्ध धर्मावरच धागा का? बाकीच्या देवस्थानांच्या दानपेट्या दिसत नाहीत का?

---

चाओफ्रायाकाठी (धागाकर्ती)

बोकेराव, मी राहते त्या शहराबद्दल लिहिते. दानपेट्यांवर तुम्ही धागा काढा, मी पहिली प्रतिसाद देईन.

एक मात्र सांगते, इथे कला आणि विहार यांचं नातं फक्त भांडणाचं नाही. चियांग रायचं पांढरं देऊळ, वात रोंग खुन, चालेर्मचाय कोसितपिपात या चित्रकाराने १९९७ पासून स्वतःच्या पैशाने उभं केलेलं. आतल्या भिंतीवर सुपरमॅन, बॅटमॅन, कोसळणारे न्यूयॉर्कचे मनोरे. आवारातली सगळ्यात झगझगीत सोनेरी इमारत कुठली, तर स्वच्छतागृह. सोनं आणि हाव यांच्यावर टोला. लोक त्याच्यासमोर फोटो काढायला रांगा लावतात. आणि हा माणूस एका दात्याकडून दहा हजार बाहतच्या वर देणगी घेत नाही, जास्त दिलं की माणूस सांगायला लागतो असं त्याचं म्हणणं. पण परदेशी माणसाला तिकीट आहे, दारात स्मरणवस्तूंचं दुकान आहे, आणि ते चालतं. मी तिथून एक पत्र्याचं पान घेतलं, नाव लिहून झाडाला टांगायचं. टांगलं. काय करणार.

---

नवशिकी_चित्रकार

ताई, अल्ट्रामॅन बुद्धाचं काय झालं होतं? कॉलेजमध्ये सर बोलले होते, अर्धवट आठवतंय.

---

चाओफ्रायाकाठी (धागाकर्ती)

सप्टेंबर २०१९. नखोन रात्चसीमा, ज्याला सगळे कोराट म्हणतात, तिथल्या राजभात विद्यापीठाची एक विद्यार्थिनी. तिने चार चित्रं काढली, बुद्धाचा चेहरा आणि अल्ट्रामॅन या जपानी मालिकेतल्या वीराचं शरीर. कल्पना सरळ होती: बुद्धही संकटातून सोडवणारा वीर. चित्रं एका मॉलमध्ये लावली होती. ओरड झाली, चित्रं उतरवली, आणि मुलीने प्रांताच्या प्रमुख भिक्षूसमोर जाऊन माफी मागितली. एका गटाला तेवढ्याने समाधान नव्हतं, पोलिसांत तक्रार गेली. दुसऱ्या बाजूने तिच्यासाठी बरेच लोक उभे राहिले, तेही भाविकच.

पुढचा भाग सर बोलले नसतील. वाद झाल्यावर त्याच चित्रांना लाखो बाहतचे भाव आले.

तेव्हा कावळ्याच्या चित्राबद्दल मी जे लिहिलं, जाब चित्रकारालाच, ते इथेही लागू. पण फरक आहे. अनुपोंगला टीका करायची होती. या मुलीला बुद्ध आवडत होता, तिने आपल्या पिढीचा वीर त्याला जोडला, ग्यात्सोच्या चिकटचित्रांसारखा. जाब मात्र दोघांनाही. आणि हे काही नवं नाही, १९७१ मध्ये थवान दुचनी या थाई चित्रकाराच्या चित्रांवर विद्यार्थ्यांनीच पाती चालवली होती, बुद्धाचा अपमान म्हणून. तोच थवान पुढे राष्ट्रीय कलाकार.

---

वऱ्हाडकन्या

ताई, एक विचारते, राग नको. इतकं लिहिलंत, स्वतःच्या गळ्यात आहे का एखादा? की नुसतं बघता?

(शिलालेखकाका, २४० चा हिशेब आईला सांगितला. ती म्हणाली, "बारा कार्षापणात तेव्हा चीवर येत होतं का, की भिक्षूंना वर घालावे लागत?" शोधून ठेवा.)

---

जुना_शिलालेख

आईंना नमस्कार. हा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नाही.

---

चाओफ्रायाकाठी (धागाकर्ती)

राग कसला. आहे. गळ्यात नाही, पाकिटात.

आमच्या इमारतीचा पहारेकरी होता, इसानकडचा, म्हणजे ईशान्य थायलंडचा, भातकापणीला गावी जायचा. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं आणि मला तिकीट मिळत नव्हतं, त्या रात्री त्याने गळ्यातला काढून दिला. मातीचा, कोपरा झिजलेला, प्लास्टिकच्या डबीत. मी पैसे देऊ केले तर त्याला वाईट वाटलं, म्हणून गप्प घेतला.

दोन वर्षांनी मी तो था फ्रा चानला दाखवायला घेऊन गेले. का, ते विचारू नका. जुना असेल, दुर्मीळ असेल, असं काहीतरी. एका वयस्कर माणसाने तो हातात घेतला, दोन्ही तळव्यांत धरून आधी कपाळाला लावला, सगळेच लावतात, मग भिंग. उलटा केला, कडा पाहिली. तीस सेकंद. म्हणाला, "नवा आहे. विहारात फुकट वाटतात यातला. भाड्याने दिलात तर वीस बाहत."

मग पुन्हा दोन्ही तळव्यांत घेतला, पुन्हा तसाच कपाळाला लावला, आणि माझ्या हातात दिला. तपासायचे पैसे घेतले नाहीत.